पाहुणी लष्करी विमानं: नोंदवही कशी मांडायची

शेपटीवर फक्त ७००३० एवढे आकडे आणि अंगावर अमेरिकी हवाई दलाचं चिन्ह. छंद नवा होता तेव्हा असा एक जुना फोटो हाती आला आणि मी बिनधास्त वहीत लिहून टाकलं: '६७-००३०'. अमेरिकी हवाई दलाचा क्रमांक खरेदीच्या आर्थिक वर्षापासून सुरू होतो आणि शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला आकडा गाळतात, एवढं मला ठाऊक होतं. पण सुरुवातीचा ७ हा १९६७चाही असू शकतो आणि १९८७चाही, हे मात्र डोक्यात आलं नाही. ६७-००३० हे सी-१४१ स्टारलिफ्टर आणि ८७-००३० हे सी-५बी गॅलक्सी. फोटोत उभं होतं ते गॅलक्सी. पुढे वर्षभर मी ती ओळ एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवत राहिलो, आणि दर वेळी ती जास्त खरी दिसू लागली.

एखाद्या देशाच्या विमानतळांवर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कोणकोणत्या परदेशी हवाई दलांची वाहतूक विमानं येऊन गेली, याची नोंद करायला बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. देश कुठलाही असो, कामाची रीत तीच. दुर्बीण, वही आणि जुनी वर्तमानपत्रं चाळायची सवय एवढं भांडवल पुरतं.

पहिली पायरी: हद्द आखून घ्या

'परदेशी लष्करी वाहतूक विमान' म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. वाटतं तेवढं ते सोपं नाही.

कायद्याच्या बाजूने सुरुवात करता येते. १९४४च्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमात लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतली विमानं 'सरकारी विमानं' मानली आहेत. दुसऱ्या देशाच्या परवानगीशिवाय त्यांना त्या देशावरून उडताही येत नाही आणि तिथे उतरताही येत नाही. त्यामुळे प्रत्येक भेटीमागे कुठे ना कुठे एक राजनैतिक परवानगी असते, तिला क्रमांक असतो, आणि तो कागद कुठल्यातरी फायलीत गेलेला असतो. पुढे शोध घेताना हे लक्षात ठेवा.

आता अडचणीच्या जागा. सोव्हिएत काळातली कितीतरी लष्करी अँटोनोव्ह एएन-१२ आणि इल्युशिन आयएल-७६ विमानं एरोफ्लोतच्या रंगात, नागरी नोंदणी घेऊन फिरायची. शेपटाखाली तोफचीची काचेची खोली, आणि अंगावर प्रवासी कंपनीचं नाव! याच्या उलटही घडतं. २००६ पासून 'सालिस' नावाच्या व्यवस्थेखाली नाटोचे देश एएन-१२४ भाड्याने घेतात. तिथे माल लष्करी, पण विमान आणि वैमानिक नागरी. मी असल्या विमानांसाठी वहीच्या शेवटी वेगळा विभाग ठेवतो. तुम्ही ती मुख्य यादीत घेतलीत तरी बिघडत नाही, फक्त एकदा ठरवलं की मध्येच बदलू नका.

तिसरी जागा चिन्हाची. हंगेरीचं चिन्ह लावलेलं सी-१७ दिसलं म्हणजे हंगेरीने सी-१७ विकत घेतलं, असं नव्हे. हंगेरीतल्या पापा या गावच्या तळावर अशी तीन विमानं आहेत. ती बारा देशांनी मिळून घेतलेली आहेत आणि नोंदणी तेवढी हंगेरीत आहे. बेल्जियमच्या ए४००एम विमानांच्या मालिकेतलं सीटी-०१ हेही असंच, ते प्रत्यक्षात लक्झेंबर्गचं. म्हणून 'चिन्ह कोणाचं' आणि 'मालक कोण' हे दोन रकाने पहिल्यापासून वेगळे ठेवा.

दुसरी पायरी: आधी आकार, मग आकडे

नवीन माणूस थेट क्रमांक वाचायला धावतो. क्रमांक धूसर असतो, अर्धा रॅम्पवरच्या गाडीमागे झाकलेला असतो, आणि कधी चक्क चुकीचाही रंगवलेला असतो. विमानाचा आकार सहसा फसवत नाही.

निम्मा वेळ तुमच्यासमोर सी-१३० हर्क्युलस असणार. त्याचं पहिलं उड्डाण २३ ऑगस्ट १९५४ रोजी झालं, आजवर अडीच हजारांहून अधिक विमानं बनली आणि साठाहून जास्त देशांनी ती वापरली. त्यामुळे हर्क्युलसचे प्रकार ओळखता आले की बरंच काम झालं. प्रोपेलरची पाती मोजा. सुरुवातीच्या 'ए' प्रकाराला आधी तीन पाती होती. मग 'एच' प्रकारापर्यंत चार पाती हाच नियम राहिला. १९९६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या 'जे' प्रकाराला सहा वाकडी, तलवारीसारखी पाती आहेत. इथे एक खाच आहे. अलीकडे काही जुन्या 'एच' विमानांना आठ पात्यांचे नवे प्रोपेलर बसवले आहेत. म्हणजे आठ पाती दिसली की 'जेच्याही पुढचं काहीतरी' असा निष्कर्ष काढू नका. विमान जुनंच असतं.

आठ पाती ए४००एमलाही असतात, पण त्याचं शेपूट 'टी'च्या आकाराचं, म्हणजे आडवा पंख उभ्या शेपटाच्या टोकावर, आणि पंख मागे झुकलेले. हर्क्युलसचे पंख जवळजवळ सरळ आणि आडवं शेपूट खाली. एएन-१२ दुरून हर्क्युलसची भावंड वाटते. तिचं नाक बघा: खाली दिशादर्शकासाठी काचा असतात, आणि शेपटाच्या टोकाला मघाशी सांगितलेली तोफचीची खोली. तिची चिनी आवृत्ती वाय-८. ट्रान्साल सी-१६० दोन इंजिनांचं असल्याने घोळ होत नाही.

जेट विमानांत चार इंजिनं, वर बसवलेले पंख आणि 'टी' शेपूट असा बहुतेकांचा एकाच घराण्याचा तोंडवळा असतो. सी-१७च्या पंखांची टोकं वर वळलेली असतात. आयएल-७६चं नाक काचेचं असतं. सी-१४१चं धड लांब आणि सडपातळ. चिनी वाय-२० अंगाने जाडजूड, नाकाला काच नाही आणि पंखांची टोकंही वळलेली नाहीत. सी-५ गॅलक्सी आणि एएन-१२४ यांची नेहमी गल्लत होते, पण शेपूट पाहिलं की प्रश्न मिटतो: गॅलक्सीचं आडवं शेपूट वर, एएन-१२४चं खाली.

जुन्या स्लाइड पाहताना आणखी एक सवय लावून घ्या. स्कॅन करताना स्लाइड उलटी ठेवली गेली तर चित्र आरशातल्यासारखं होतं. क्रमांक वाचता येत असेल तर लगेच कळतं, पण लांबून काढलेल्या फोटोत कळत नाही. हर्क्युलसचं पुढचं चढायचं दार डाव्या बाजूला असतं. ते उजवीकडे दिसलं तर स्लाइड उलटी आहे, आणि मग मागची इमारत, धावपट्टीची दिशा, सगळंच उलटं वाचलं जातंय.

तिसरी पायरी: क्रमांकाची भाषा

प्रत्येक देशाची क्रमांकाची पद्धत वेगळी, आणि एकदा कळली की अर्धवट दिसणारा क्रमांकही बोलू लागतो.

ब्रिटनचं सोपं आहे: दोन अक्षरं, तीन आकडे. झेडझेड १७१पासून १७८पर्यंतची सगळी सी-१७. जर्मनीत चार आकडे आणि मधोमध काळा क्रॉस. ५० किंवा ५१ने सुरू होणारी ट्रान्साल होती, आता ५४ने सुरू होणारी ए४००एम आहेत. ऑस्ट्रेलियाने तर क्रमांकातच विमानाचा प्रकार लपवला आहे: ए९७ म्हणजे हर्क्युलस, ए४१ म्हणजे सी-१७. कॅनडाचीही तीच खोड, १७७ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक म्हणजे सी-१७. इटलीच्या विमानावर मोठ्या आकड्यांत ४६ आणि डॅश दिसला तर ते पिसाच्या ४६व्या ब्रिगेडचं. पण हा झाला तुकडीचा संकेत, तो बदलू शकतो. खरा क्रमांक 'एमएम'ने सुरू होतो आणि मागे बारीक अक्षरांत असतो. दोन्ही लिहा.

अमेरिकी पद्धत सगळ्यात त्रासदायक, आणि तुमच्या यादीत सगळ्यात जास्त ओळी त्यांच्याच असण्याची शक्यता. वर्षाच्या पहिल्या आकड्याचा घोळ वर सांगितला. १९५०च्या दशकापासून पुढे बराच काळ आणखी एक प्रथा होती: दहा वर्षांहून जुन्या विमानाच्या शेपटीवर आधी '०-' लावायचे. ते शून्य वर्षाचं समजून क्रमांक लावला की दशकच चुकतं. उपाय एकच, आधी प्रकार पक्का करा, मग त्या प्रकाराच्या खरेदी-मालिकांत आकडे बसवून पाहा. ७००३० माझ्याकडून चुकलं ते याच क्रमाने न गेल्यामुळे.

सोव्हिएत नोंदणीची चार अक्षरं आपल्याला 'सीसीसीपी' दिसतात, पण ती रशियन लिपीतली आहेत आणि वाचायची 'एसएसएसआर'. वहीत कुठलं लिहायचं ते ठरवा आणि तेच शेवटपर्यंत वापरा, नाहीतर नंतर शोधताना निम्म्या ओळी सापडत नाहीत. आमच्यातल्या एकाने दोन्ही वापरले आणि एकाच विमानाच्या दोन ओळी करून ठेवल्या. (बरं, 'आमच्यातला एक' म्हणजे मीच.)

कारखान्याचा बांधणी क्रमांक मिळाला तर जरूर टिपा. विमानं देश बदलतात. ब्रिटिश हवाई दलाची तीन हर्क्युलस २००३ पासून ऑस्ट्रियाकडे गेली आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. बांधणी क्रमांक नसेल तर एकच विमान तुमच्या यादीत दोन वेगवेगळ्या पाहुण्यांसारखं बसून राहील.

चौथी पायरी: कारणांचं कॅलेंडर

ही पायरी मला सगळ्यात जास्त आवडते, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

लष्करी वाहतूक विमान कुठेही उगीच उतरत नाही. इंधन संपत आलेलं असतं, कुठेतरी युद्ध चालू असतं, भूकंप झालेला असतो किंवा कोणी मोठा पाहुणा येणार असतो. ही कारणं तारखेनिशी आधी मांडली की शोध कुठे सुरू करायचा ते कळतं. म्हणून तुमच्या निवडलेल्या देशासाठी एक पान बनवा आणि त्यात दशकवार घटना लिहा.

इंधन हे सगळ्यात जुनं कारण. पिस्टन इंजिनांच्या काळात महासागर ओलांडायचा तर मध्ये थांबावंच लागे. गँडर, शॅनन, केफ्लाविक, लायेस, प्रेस्टविक ही अटलांटिकच्या वाटेवरच्या विमानतळांची नावं जुन्या वह्यांत पुन्हा पुन्हा येतात ती यामुळे. पल्ला वाढला, हवेत इंधन भरता येऊ लागलं, तसे हे थांबे कमी झाले. एखाद्या विमानतळावरच्या भेटी साठच्या दशकानंतर अचानक घटल्या तर लगेच राजकीय कारण शोधू नका. कदाचित विमानांची टाकी तेवढी मोठी झाली असेल.

नाकेबंदी आणि युद्ध. जून १९४८ ते सप्टेंबर १९४९ या काळात बर्लिनला हवाईमार्गे सुमारे २३ लाख टन माल पोचला. त्यासाठी पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. टेम्पलहोफ आणि गाटो हे विमानतळ अपुरे पडले म्हणून टेगेलची धावपट्टी बांधावी लागली. अमेरिकी सी-४७ आणि सी-५४, ब्रिटिश डाकोटा, यॉर्क, हेस्टिंग्ज, आणि हावेल नदीच्या पात्रात उतरणारी संडरलँड उडती बोट! अशा मोहिमेत एकेक विमान नोंदवणं अशक्य असतं. तिथे प्रकारवार आणि तळवार नोंद ठेवा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अमेरिकेने इस्राएलला रसद पोचवली तेव्हा युरोपातल्या बहुतेक देशांनी उतरू दिलं नाही, फक्त पोर्तुगालने दिलं. म्हणून सगळी सी-१४१ आणि सी-५ विमानं अझोर्स बेटांवरच्या लायेसहून गेली. त्या महिन्यात लायेसची यादी फुगलेली दिसते आणि शेजारच्या देशांच्या याद्या रिकाम्या. रिकामी यादीही माहिती देते. ती कोरी का आहे ते शेजारी लिहून ठेवा.

संकटातली मदत हे सर्वांत समृद्ध प्रकरण. १९७०च्या पेरू भूकंपानंतर सोव्हिएत संघाने आपली राक्षसी एएन-२२ विमानं अटलांटिकपलीकडे पाठवली. त्यातलं एक १८ जुलै १९७० रोजी केफ्लाविकहून निघालं आणि समुद्रावर बेपत्ता झालं. १९८४-८५ मध्ये इथियोपियाच्या दुष्काळात ब्रिटिश हर्क्युलस अदिस अबाबात तळ ठोकून होती. जर्मन ट्रान्साल आणि सोव्हिएत एएन-१२ त्याच देशात धान्य वाहत होती. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्ही गटांचे वैमानिक एकाच आकाशात, त्याच दुष्काळासाठी! डिसेंबर १९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर अमेरिकी लष्करी विमानं येरेव्हानला उतरली. त्या आधी त्यांना तिथे कोणी उतरू दिलं असतं, अशी कल्पनाही करवत नाही. सारायेवोचा हवाई पूल जुलै १९९२ ते जानेवारी १९९६ असा चालला, आणि ३ सप्टेंबर १९९२ रोजी मदत घेऊन येणारं इटलीचं जी.२२२ पाडलं गेलं.

अशा दिवसांत विमानतळाचीही दमछाक होते, आणि तीही नोंदीत यायला हवी. जानेवारी २००५ मध्ये त्सुनामीनंतर बांदा आचेला मदतीची रीघ लागली होती. अशात एका मालवाहू बोइंग ७३७ची धडक धावपट्टीवर आलेल्या म्हशीला बसली आणि धावपट्टी कित्येक तास अडकून पडली. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूच्या एकुलत्या एका धावपट्टीला तडे गेले आणि १९६ टनांहून जड विमानांना बंदी घालावी लागली. तुमच्या यादीत त्या आठवड्यानंतर मोठी विमानं दिसत नसतील तर ती का नाहीत, ते आता तुम्हाला सांगता येईल.

राजकारण आणि शस्त्रव्यवहार. एप्रिल २०२२ मध्ये चीनची सहा वाय-२० विमानं बेलग्रेडच्या नागरी विमानतळावर उतरली, सर्बियाने घेतलेली हवाई संरक्षण यंत्रणा घेऊन. मोठ्या नेत्यांच्या दौऱ्यांचंही एक ठरलेलं गणित असतं. अमेरिकी अध्यक्ष येण्याआधी काही दिवस सी-१७ किंवा सी-५ गाड्या आणि हेलिकॉप्टर घेऊन येतात. लोक अध्यक्षांच्या विमानाचा फोटो काढायला जातात. तुम्ही चार दिवस आधी जा.

पाचवी पायरी: कागद कुठे मिळतात

स्थानिक वर्तमानपत्रापासून सुरुवात करा. 'परदेशी विमान उतरल्याने गर्दी' या छापाच्या बातम्या पन्नास-साठच्या दशकात सर्रास येत. बातमीदार प्रकाराचं नाव बहुधा चुकवतो, पण तारीख सहसा बरोबर देतो. फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.

मग पाहुण्याच्या घरी शोधा. ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदी 'फॉर्म ५४०' नावाच्या वहीत होतात आणि जुन्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एआयआर २७' या वर्गात पाहायला मिळतात. अमेरिकी तुकड्यांचे इतिहास अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या ऐतिहासिक संशोधन संस्थेत आहेत. यजमान देशाकडे काय मिळेल ते तिथल्या कायद्यावर अवलंबून. आयर्लंडमध्ये १९५२चा एक आदेश परदेशी लष्करी विमानांना परवानगीशिवाय उतरायला मनाई करतो. त्यामुळे शॅननवरच्या भेटींचे आकडे संसदेतल्या प्रश्नोत्तरांतून वर्षानुवर्षे बाहेर येत राहिले. तुमच्या देशात संसद आहे, तिथे कोणी तरी कधी तरी हा प्रश्न विचारलाच असेल. माहिती अधिकाराचा कायदा असेल तर अर्ज करा, पण 'सगळ्या परदेशी विमानांची माहिती द्या' असा नको. एक विमानतळ, एक महिना, आणि लँडिंग फीच्या किंवा परवानग्यांच्या नोंदवहीची प्रत, इतकं नेमकं मागा.

जुन्या छंदींच्या वह्या मिळाल्या तर हात जोडून घ्या, आणि तपासूनही घ्या. कोडॅक्रोम स्लाइडच्या पुठ्ठ्यावर छापलेला महिना फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. डिसेंबरात काढलेला रोल मार्चमध्ये धुतला असेल तर विमान तीन महिने उशिरा 'उतरतं'.

सहावी पायरी: आजची भेट टिपताना

आता बरंच काम ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आपोआप कळवणारं यंत्र) करतो. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक पत्ता असतो, तो सहा अक्षर-आकड्यांत लिहितात. 'एई'ने सुरू झाला तर अमेरिकी लष्करी, '४३सी'ने सुरू झाला तर ब्रिटिश लष्करी. सगळी लष्करी विमानं आपली जागा प्रसारित करत नाहीत. काही वेळा फक्त पत्ता आणि उंची मिळते, आणि जागा अनेक रिसीव्हरांच्या वेळांवरून काढावी लागते.

कॉलसाइनला, म्हणजे रेडिओवर विमान ज्या नावाने बोलतं त्याला, फार महत्त्व देऊ नका. 'रीच' म्हणजे अमेरिकेची हवाई वाहतूक कमांड, 'अ‍ॅस्कॉट' म्हणजे ब्रिटन, 'कोटाम' म्हणजे फ्रान्स, 'कॅनफोर्स' म्हणजे कॅनडा, एवढी ओळख पुरे. कॉलसाइन त्या मोहिमेचा असतो. तेच विमान उद्या दुसऱ्या नावाने उडेल. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबुलहून ८२३ माणसं घेऊन निघालेलं सी-१७ 'रीच ८७१' या नावाने सगळ्यांना आठवतं. आधी सगळीकडे ६४० हा आकडा फिरला, कारण मांडीवरची मुलं मोजलेली नव्हती. पहिल्या दिवशीचा आकडा वहीत पेन्सिलीने लिहावा, तो असा.

सातवी पायरी: एक ओळ कशी लिहायची

एक पूर्ण ओळ जवळून पाहू. तारीख: १२ फेब्रुवारी १९७३. विमानतळ: हनोई, जिया लाम. प्रकार: सी-१४१ए. क्रमांक: ६६-०१७७. चिन्ह आणि मालक: अमेरिकी हवाई दल. पुढचा मुक्काम: फिलिपिन्समधला क्लार्क तळ. कारण: युद्धकैद्यांची सुटका. पुरावा: त्या दिवसाचे फोटो, आणि खुद्द विमान, जे आज डेटनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

या ओळीत एक सापळा आहे. संग्रहालयात जाऊन तुम्ही हेच विमान पाहिलंत तर फलकावर सी-१४१सी दिसेल आणि धड लांब दिसेल. कारण सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्टारलिफ्टर कापून सात मीटरहून अधिक लांब केली गेली आणि पुढे आणखी बदलली गेली. १९७३ मध्ये हनोईला उतरलं ते आखूड विमान होतं. ओळीत प्रकार नेहमी त्या दिवसाचा लिहायचा. आज काय आहे ते टिपणीत.

वेळ ग्रिनिचची लिहा, आणि कंसात स्थानिक. मध्यरात्रीच्या आसपासची विमानं एका यादीत २४ तारखेला आणि दुसरीत २५ तारखेला उतरतात ती केवळ या गोंधळापायी.

पुराव्याला दर्जा द्या. माझ्याकडे चार दर्जे आहेत: स्वतः पाहिलं किंवा तारखेचा फोटो आहे, अधिकृत कागद आहे, कोणीतरी सांगितलं किंवा छापलं, आणि मी अंदाज केला. चौथा दर्जा लिहायला लाज वाटते, पण तोच सगळ्यात जपून लिहा. हा शिक्का नसेल तर अंदाज दोन वर्षांनी कोणाच्या तरी यादीत 'स्वतः पाहिलं' होऊन बसतो. क्रमांक दिसला नाही तर रकाना कोरा सोडा. अर्धा दिसला तर न दिसलेल्या आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्ह.

चूक सापडली तर खोडरबर वापरू नका. एक रेघ ओढा, खाली नवी ओळ लिहा, आणि दुरुस्तीची तारीख टाका. संगणकावर करत असाल तर जुनी ओळ वेगळ्या पानावर हलवा.

कुंपणाबाहेर राहणं

हे शेवटी आलंय, पण कॅमेरा उचलण्याआधी वाचा. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदी लोकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. त्यांच्याकडे होत्या वह्या आणि कॅमेरे. २००२ मध्ये त्यांना शिक्षाही झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. निर्दोष सुटले खरे, पण मधलं वर्ष गेलं.

कित्येक देशांत विमानतळाचा, विशेषतः त्याच्या लष्करी भागाचा फोटो काढायला बंदी आहे. आधी नियम वाचा. सार्वजनिक जागेवरून पाहा आणि कोणी विचारलं तर खरं काय ते सांगा: 'विमानांचे क्रमांक लिहितो.' पहारे, गस्तीच्या वेळा, कुंपणातली फट यांचे फोटो नकोत. तुमच्या यादीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. कुठे युद्ध चालू असेल आणि विमान तिकडे चाललं असेल तर त्याची नोंद वहीत करा, जाहीर काही आठवड्यांनी करा.

सुरुवातीला एकच विमानतळ घ्या आणि कारणांच्या कॅलेंडरमधला एकच महिना. शक्यतो नैसर्गिक संकटानंतरचा घ्या, कारण तेव्हा वर्तमानपत्रं, सरकारी पत्रकं आणि फोटो तिन्ही मिळतात आणि एकमेकांशी ताडून पाहता येतात. पंधरा-वीस ओळी निघतील. त्यातल्या निम्म्यांना क्रमांक नसेल. ते रकाने कोरेच राहू द्या. कधीतरी कोणाच्या तरी माळ्यावरून स्लाइडचा डबा निघतो आणि ते भरायला सुरुवात होते.